डब्याला ताप कुठून आला?

काकूच्या रेशीम-अळ्यांच्या खोलीत त्या दिवशी दोन तापमानं होती. भिंतीवरचा जुना पाऱ्याचा तापमापक पंचवीस अंश म्हणत होता आणि त्याच्या शेजारी टांगलेला माझा निळा डबा एकतीस. दोघांमध्ये जेमतेम एक वीत अंतर. एका भिंतीवर वीतभर सरकलं की लगेच उन्हाळा सुरू होतो का?

डबा मी, म्हणजे सातवीतल्या तेजलने, स्वतः बनवला होता. त्यामुळे चूक पाऱ्याचीच, असं माझं ठाम मत होतं.

आमच्या जालन्याकडे आता तुतीचा पाला कापायला रोबो आलेत. आमच्या रोबोचं नाव आम्ही पालेकर ठेवलंय. तो पाला दारापर्यंत आणतो. चाकांना चिखल असतो म्हणून काकू त्याला आत घेत नाही आणि तो बिचारा दारात उभा राहून पुन्हा पुन्हा परवानगी मागतो. आतलं सगळं काम काकूच्या हातचं. त्यात तिला मदत व्हावी म्हणून मी हा डबा केला. खोली सत्तावीस अंशांपेक्षा तापली की छताजवळचा फवारा सुरू करायचा आणि गार झाली की बंद करायचा, एवढंच त्याचं काम.

पण डबा एकतीसवर अडून बसला होता, म्हणून फवारा सकाळपासून थांबलाच नव्हता. भिंतींना ओल आली होती. मागच्या दोन्ही खेपांना अळ्या ओलीने रोग पडूनच गेल्या होत्या. "ह्या खेपेलाही गेल्या तर तुती उपटून टाकते," असं काकूने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि काकू बोलली की करते.

सुदैवाने आजोबा आले होते. ते माझ्या बाबांचे मामा. चंद्रावर जे संशोधन केंद्र उभं राहिलंय, त्याच्यासाठी त्यांनी तीस वर्षं काम केलं. मात्र यंत्रांवर नव्हे, यंत्रांच्या डब्यांवर! एवढे मोठे शास्त्रज्ञ आणि डबे करतात, म्हणून मी पूर्वी मनातल्या मनात हसायचे.

आजोबांनी आधी फवाऱ्याची वायर काढली. मग विचारलं, "टेबलावर तपासलं होतंस?"

"हो तर! टेबलावर दोन्ही अगदी सारखे होते."

"तेव्हा डबा होता?"

नव्हता. सगळे भाग तेव्हा उघडेच मांडलेले होते.

"झाकण काढ बरं."

मी झाकण काढलं. आकडा हळूहळू उतरायला लागला. तीस, अठ्ठावीस, सव्वीस आणि दहा मिनिटांत पंचवीस. झाकण लावलं की पुन्हा चढला. म्हणजे पारा खरं बोलत होता. मला जरा रागच आला त्याचा.

"आता आत बोट लाव. सगळ्यात गरम काय लागतंय?"

एक छोटा काळा चौकोन चांगलाच तापला होता. तो दाबनियामक (बाहेरून येणारा विजेचा दाब यंत्राला सोसेल इतका कमी करणारा भाग).

"दाब कमी करताना जी वीज उरते, तिची तो उष्णता करतो," आजोबा म्हणाले. "उघड्यावर ती हवेबरोबर निघून जाते. बंद डब्यात जाणार कुठे? आणि तुझा संवेदक (आजूबाजूची उष्णता ओळखणारा भाग) कुठे बसवलायस?"

बरोबर त्याच्या शेजारी. जागा तेवढीच होती.

"म्हणजे तो खोलीची उष्णता मोजतच नाहीये," मी म्हणाले. "स्वतःच्या डब्याची मोजतोय!"

"आता कसं! तोंडावर पांघरूण घेऊन झोपलेल्या माणसाला खोली गरमच वाटणार. डबा म्हणजे नुसतं झाकण नव्हे तेजल, तो यंत्राचाच एक भाग असतो."

मग आम्ही कामाला लागलो. गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी खालून गार हवा येते. याला अभिसरण म्हणतात (हवेचं आपोआप चालणारं फिरणं). म्हणून डब्याच्या तळाला भोकं पाडली आणि बाजूंना अगदी वर फटी. मी झाकणावरही भोकं पाडणार होते, तेवढ्यात आजोबांनी माझा हात धरला. "वरून फवारा पडतो ना गं?" मग फटींवर उतरत्या पट्ट्या चिकटवल्या, खिडकीवर छज्जा असतो तशा. संवेदक बाहेर काढून लांब वायरीवर खाली टांगला. वायरीला आधी खाली झोल देऊन मग ती वर वळवून डब्यात घातली, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी गळून पडतं, आत शिरत नाही. एवढीशी युक्ती, पण मला फार आवडली.

संध्याकाळी दोघंही पंचवीस म्हणाले.

शेवटी मी कागदी पट्ट्यांवर स्केचपेनाने 'एस-१' आणि 'एस-२' लिहून त्या डब्यावरच्या दोन बटणांखाली चिकटवल्या. पहिल्याने फवारा पूर्ण बंद राहतो, दुसऱ्याने लगेच सुरू होतो. आजोबांनी पट्ट्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काकूला दाखव." मी दाखवलं. अर्ध्या मिनिटात, कारण मला खेळायला जायचं होतं.

चार दिवसांनी अळ्या कातीवर बसल्या. अळी मोठी होताना जुनी कातडी टाकते. त्या वेळी ती खात नाही, मान वर करून गप्प बसते, आणि तेव्हा तिला हवा कोरडी लागते. काकू अशा वेळी अळ्यांवर चुन्याची भुकटी भुरभुरते. मी शाळेत होते. काकूने पांढऱ्याफटक हातांनी फवारा बंद करायला बटण दाबलं आणि फवारा सुरू झाला.

तिने धावत जाऊन वायर उपटली, म्हणून थोडक्यात निभावलं. मी घरी आले तेव्हा डबा भिंतीवरून खाली उतरलेला होता.

"घेऊन जा बाई तुझं ते," काकू म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. "मी उघडीन-लावीन खिडक्या, माझी मी. जीव गेला असता त्यांचा."

"पण मी सांगितलं होतं ना, डावीकडचं बटण!" मी ओरडलेच. "तू नीट वाचलं का नाहीस?"

काकू पुन्हा अळ्यांकडे वळली. आजोबांनी मला बाहेर नेलं, माझे दोन्ही हात चुन्यात बुडवले आणि डबा त्या अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर परत टांगला. अळ्यांना उजेड फार चालत नाही, म्हणून तिथे नेहमीच झाकोळलेलं असतं. फवाऱ्याची वायर काढलेलीच होती.

"फवारा बंद कर," ते म्हणाले.

मी पुढे झाले. पट्ट्यांवर चुना बसला होता. शाई ओलीने केव्हाच पसरली होती. दोन्ही बटणं सारखीच काळी, सारखीच गोल. मी चाचपडत दाबलं. फवारा सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. चुकीचं होतं.

डबा मी बनवलेला होता, तरीही.

मला रडू आलं. मी काकूकडे गेले आणि म्हणाले, "चूक तुझी नव्हती गं. माझी होती."

तिने चुन्याचा हात पदराला पुसून माझ्या डोक्यावरून फिरवला. "मग नीट कर की," ती म्हणाली.

या वेळी मी आधी विचारलं. "काकू, फवारा कधी बंद लागतो तुला?"

"कातीवर बसल्या की."

"आणि चालू?"

"खाण्यावर असल्या अन् गरम झालं, तर."

एस-१ तिच्या दिवसात कुठेच नव्हतं. ते फक्त माझ्या वहीतल्या आकृतीत होतं. मी दोन बटणं काढून एकच जाडजूड खटका बसवला. तो वर केला की 'कातीवर', म्हणजे फवारा बंदच; खाली केला की 'खाण्यावर', म्हणजे गरम झालं तरच सुरू. अक्षरं कागदावर न लिहिता डब्याच्या प्लॅस्टिकमध्येच बोटभर उंचीची कोरली आणि खाचांत पांढरा रंग भरला. खोली धुताना ती जाणार नाहीत आणि चुना बसला तरी बोटाला लागतील. 'कातीवर'च्या बाजूला एक उंचवटाही ठेवला, अंधारात कळावा म्हणून.

"चंद्रावरच्या माणसांचे हातमोजे उशीएवढे जाड असतात," आजोबा उंचवटा चाचपत म्हणाले. "तीस वर्षांत मी दुसरं काय केलं? हेच. तिथे आता झाडं वाढवतायत. उद्या कुणी रेशीमही करेल. तेव्हा त्यांचे डबे तू कर."

"आधी त्यांना विचारीन," मी म्हणाले.

अळ्या कातीतून उठल्या, पाल्यावर तुटून पडल्या. रविवारी दुपारी ऊन वाढलं. मी खोलीच्या दारात पालेकरशेजारी उभी होते, हाक आली की लगेच धावायचं म्हणून. काकू दोन्ही हातांत पाला घेऊन रॅकमधून फिरत होती. डब्यापाशी आल्यावर तिने मान न वळवता कोपरानेच खटका खाली केला. थोड्या वेळाने फवारा सुरू झाला, मग आपोआप थांबला. ती पुढच्या रांगेत गेली.

मला कुणी हाक मारलीच नाही. क्षणभर वाईट वाटलं. मग एकदम इतका आनंद झाला की मी उगाचच पालेकरला टाळी दिली.