पाठीला टेकलेलं पोट

शेकोटीत काडी सारत वामनराव म्हणाले, "आता मधात बोलू नका गा, पोट्टेहो. हा मार्तंड माह्या घराशेजारचा. त्यानंच मले सांगितलं." आणि त्यांनी सुरुवात केली.

गेल्या जानेवारीतली शनिवारची रात्र, दहा वाजून गेलेले. वहिनीनं, म्हणजे इंदूबाईनं, मार्तंडला मिठाचा पुडा आणायला पाठवलं. आमच्या हुडकेश्वरची दुकानं बंद झालेली, म्हणून तो मोटारसायकल काढून शेजारच्या बेसा गावापर्यंत गेला. मीठ आणायचं तो एरवी टाळायचा. त्याला कारण होतं.

थोरला भाऊ गोविंदा लकडगंजात लाकूड कापायच्या आरा मशीनवर कामाला होता. दारूनं त्याचं लिव्हर खाल्लं आणि पोटात पाणी भरायला लागलं. मार्तंड त्याला गाडीवर मागे बसवून दवाखान्यात न्यायचा. जाताना ते टम्म पोट त्याच्या पाठीत रुतायचं. डॉक्टर पोटात सुई घालून पाणी काढत, शिरेतून अल्ब्युमिनची, म्हणजे प्रथिनाची, बाटली चढवत आणि दर खेपेला बजावत, मीठ बंद, नाहीतर पाणी पुन्हा भरेल. गोविंदा कुठला ऐकतोय. अळणी वरण दिसलं की ताट भिंतीवर आणि हात इंदूबाईवर. एका रात्री त्यानं पाट उचलून तिच्या डोक्यात घातला. टाके पडले.

दुसऱ्या दिवसापासून मार्तंड गुपचूप त्याच्या वरणात सढळ हातानं मीठ कालवू लागला. घर शांत झालं. पोट मात्र आवरेना, आणि दिवाळीआधी गोविंदा गेला. वहिनीला कळलं तर काय, या धास्तीनं मार्तंडची झोप उडाली होती.

तर त्या रात्री पुडा हँडलला अडकवून तो परत निघाला. नव्या लेआउटचा रस्ता, दोन्हीकडे रिकामे प्लॉट. मधेच गाडी मागून दबली. कोणी बसावं तशी.

मग पाठीला काहीतरी टेकलं.

गार. टम्म. आत पाणी डुचमळत होतं...

त्यानं वळून पाहिलं नाही. ते पोट त्याच्या पाठीच्या ओळखीचं होतं.

"मार्त्या... मीठ आन्लं का बे?"

दोन हातांनी गळा आवळला. गाडी आडवी झाली. पायाचं हाड मोडलं. ओझं पाठीवर तसंच. केस धरून कोणीतरी त्याचं तोंड रस्त्याकडेच्या टोकदार गिट्टीवर आपटलं. पुन्हा आपटलं. दात तुटले. पुडा फाटला... आणि मूठभर मीठ तोंडात. रक्तावर मीठ.

"खा. चूपचाप खा. मी खाल्लं ना."

आणखी एक मूठ. आणखी...

पहाटे दूधवाल्याला तो नालीत सापडला. जगला. ट्रकनं उडवलं असंच सगळे धरून चालले.

इंदूबाईनं त्याचा सदरा धुतला. रक्त गेलं. पाठीवरचं ओलं वर्तुळ जाईना, चांगलं परातीएवढं. तिनं बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट. तिनं सदरा मार्तंडसमोर धरला.

"भाऊजी, तुमचे दादा अळणी वरण एकाएकी मुकाट्यानं काहून खायले लागले होते?"

मार्तंडनं तोंड उघडलं...

वामनरावांनी काडीनं निखारे सारखे केले. शेकोटी विझत आली होती.

"मंग, काका?" पोट्ट्यांतल्या विक्कीनं हळूच विचारलं.

"मंग काय गा. इकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाले ठाऊकच आहे. तेही येऊन गेलं. सदरा अजून दोरीवर आहे. वाळलाच नाही."