बारा वीसची नोंद

बोरीच्या पाड्यावर आम्ही बसवलेला पंप नीट चालत होता, हे आधी सांगते. एकेचाळीस घरांसाठी टाकी रोज भरत होती. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून एवढं पुष्कळ होतं.

मी इलेक्ट्रॉनिक्सची, समाधान मेकॅनिकलचा. नाशिकहून हरसूलला मोटरसायकलवर दोन तास, तिथून पाड्यापर्यंत अर्धा तास कच्चा रस्ता. सौर पॅनेलचे खांब समाधानने पाड्यावरच्या लोकांच्या मदतीने रोवले. मी विहिरीच्या तोंडावर आडवी लोखंडी पट्टी टाकून तिला सेन्सर बसवला. तो खाली आवाज सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा. तो आवाज आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून पाणी किती खोल आहे ते कळतं. पाणी फार खाली गेलं की पंप आपोआप बंद होतो. दर मिनिटाची नोंद माझ्या फोनवर यायची. मार्चअखेर पाणी काठापासून साडेनऊ मीटरवर होतं.

तेरा एप्रिलला, सोमवारी, मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून आलेख बघत होते. सरळ रेषेत एक दात निघालेला दिसला. दुपारी बारा वीसला अंतर एकदम सहा मीटर तीस. अकरा मिनिटं तेवढंच. मग परत साडेनऊ.

मागच्या नोंदी काढल्या. तीन एप्रिलपासून रोज बारा वीसलाच हे होत होतं. पहिल्या दिवशी नऊ तीस, दुसऱ्या दिवशी नऊ मीटर, मग आठ सत्तर. जे काही होतं ते रोज तीस सेंटिमीटर वर येत होतं.

समाधान म्हणाला, "ऊन. हवा तापली की आवाजाचा वेग बदलतो."

"त्याने फार तर वीस-पंचवीस सेंटिमीटर इकडेतिकडे होईल. तीन मीटर नाही."

"मग सेन्सर गेला असेल."

अठराला जाऊन सेन्सर बदलला. त्या दिवशी नव्या सेन्सरने चार ऐंशी दाखवलं. म्हणजे हिशेबात बसेल तेवढंच.

तेवीस तारखेला आम्ही मुद्दाम दुपारच्या वेळेला गेलो. पाणी समितीच्या चतुराबाई तिथेच होत्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, पंपाची चावी कमरेला लावून फिरणाऱ्या. मी त्यांना आडून आडून विचारलं, विहिरीबद्दल पाड्यात काही बोलतात का.

"काय बोलत्याल? चार वर्सं झाली खणून. मीच माती वाहिली हाय. आजून शेळी सुदीक पडली नाय तिच्यात."

बारा अठराला आम्ही तिघं काठावर वाकलो. ऊन विहिरीत सरळ उतरलं होतं. तळाचं पाणी, पंपाचा काळा पाइप, कातळावरच्या सुरुंगाच्या खुणा, सगळं स्वच्छ दिसत होतं. कोळ्याचं जाळंसुद्धा नव्हतं.

बारा वीस. फोनवर आकडा पडला. तीन मीटर तीस.

खाली काहीच नव्हतं. मोकळी हवा आणि ऊन.

समाधानने दोराला बांधलेली बादली घेतली आणि सोडायला लागला. पाच हात, सहा हात, सात हात. एकदम दोर सैल झाला. बादली हवेत थांबली, आणि आपण उंचवट्यावर टेकवली तर कलंडते तशी एका अंगाला कलंडली. त्याने आणखी थोडा दोर सोडला. दोराचं वेटोळं बादलीशेजारी पडून राहिलं.

बारा एकतीसला बादली सुटली आणि धपकन पाण्यात पडली. समाधानचे तळवे दोराने सोलले. मग मी चतुराबाईंना सांगितलं, हे रोज तीस सेंटिमीटर वर येतंय.

चतुराबाईंनी कमरेची चावी काढून हातात घट्ट धरली. "हे किती दिवसांनी वर येतंय?" त्यांनी विचारलं.

मी मोजलं होतं. चार मे.

"त्या दिवशी दुपारी बायापोरांना इकडं येऊ देत नाय मी. पण विहीर बंद नाय करायची. न्हायतर पाण्याला वहाळापर्यंत दोन कोस जावं लागंल."

मार्गदर्शक सरांना आम्ही आलेख दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं, आणि चुकीच्या नोंदी अहवालातून गाळायला सांगितल्या. मी गाळल्या. तोंडी परीक्षा तीस एप्रिलला झाली. आम्हाला चांगले गुण मिळाले.

चार मेला आम्ही गेलो. जायलाच हवं होतं असं नाही. पण आपण बसवलेल्या वस्तूजवळ चतुराबाईंना एकटं ठेवणं मला बरं वाटेना.

पाडा चिडीचूप होता. दारं लावलेली. चतुराबाई वाट अडवून, आडवी फळी टाकून बसल्या होत्या. पंप सकाळीच बंद केला होता, त्यामुळे विहिरीतून आवाज नव्हता. लांब कुठेतरी कुणी लाकूड फोडत होतं, तेही थांबलं.

बारा वीस.

फोनवर आकडा आला नाही. पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं त्या सेन्सरला मोजता येत नाही, हे मला माहीत होतं. नुसती एक आडवी रेघ आली.

"आहे," मी म्हणाले.

समाधान काठावर गुडघे टेकून बसला. मी नको म्हणाले. त्याने उजवा हात पुढे केला, तळवा खाली करून, आणि विहिरीच्या तोंडावर, काठाच्या पातळीत, हळूच ठेवला.

हात थांबला.

तीन-चार सेकंद तो तसाच होता. मग त्याने हात झटकन मागे घेतला आणि पोटाशी धरला.

"काय लागलं?"

"काही नाही."

"समाधान."

"काही नाही म्हटलं ना."

बारा एकतीसला आकडा परत आला. दहा मीटर दोन. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं होतं, तेवढंच. चतुराबाईंनी पंप चालू केला. दारं उघडली. कुणीतरी आम्हाला काळा चहा आणून दिला. समाधानने कप डाव्या हाताने घेतला.

पाच मेपासून आलेख सरळ आहे. बारा वीसला काही होत नाही. चतुराबाईंचा महिन्यातून एकदा फोन येतो, पाणी चांगलं हाय म्हणतात.

समाधानला नाशिकमधल्याच अंबडच्या एका कारखान्यात नोकरी लागली. ऑगस्टमध्ये मी त्याला तिथल्या गेटबाहेर भेटले. सकाळची पाळी सुटली होती, माणसांची गर्दी होती, भजी तळण्याचा वास होता. कामाचं बोलून झालं. मग मी विचारलं. आता तरी सांग म्हणाले.

त्याने उजवा तळवा पँटला पुसला.

"केस होते," तो म्हणाला.

"ओले?"

"नाही, कोरडे. तेल लावलेले. मधोमध भांग होता, बोटाला नीट लागला."

मी त्याच्या हाताकडे बघितलं.

"माणूसच आहे कुणी असं वाटलं, म्हणून लगेच हात नव्हता काढला मी," तो म्हणाला. "ते डोकं वर बघायला लागलं, तेव्हा काढला."