तेलाच्या डागापलीकडचा उजेड

“सेल काय बाभळीला लागत्यात व्हय? भिंतीला उजेड दाखवून कुनाचं प्वाट भरलंय आजवर?”

आई माझ्या पाठीमागं बसून पुटपुटत होती. मला ऐकू जावं, पण उत्तर देता येऊ नये, एवढ्याच आवाजात. ही कला तिच्याकडंच होती.

आधीच सांगते, हे घडलेलं आहे. कुणाच्या मावसभावानं सांगितलेलं नाही. मी तिथं होते, कागद माझ्या हातात होता. पटलं तर ठीक. नाही पटलं तर स्वतःला आमच्या घरातलेच धरा. आमच्यातही भुतं कुणाला पटत नाहीत.

१९९९ सालचा डिसेंबर. पाथर्डीच्या आत, डोंगराकडचं माझं माहेर. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथंच आहेत.

संध्याकाळची वेळ, अमावस्या. माझ्या वडिलांनी, दादांनी, पोरवयात धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून देव, भूत, अमावस्या, सगळं आमच्या उंबऱ्याबाहेर. आम्ही अमावस्या पाळत नव्हतो.

काळोख मात्र पाळत होता.

अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. घरांना कुलपं. त्यात लाईट गेलेली.

माझा धाकटा भाऊ सम्राट आदल्या हंगामात असाच तोडीला गेला होता, राहात्याच्या बाजूला. एका पहाटे त्याची बैलगाडी कालव्यात सापडली. बैल सापडले.

सम्राट सापडला नाही.

वर्ष होत आलं होतं. घरात त्याच्याबद्दल एकच शब्द चालायचा. ‘येईल.’ त्याच्या पुढचं कुणी बोलायचं नाही.

त्याची बायको अश्विनी. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती नगरला निघणार होती, नर्सच्या ट्रेनिंगला. उद्या हजर झाली नाही तर जागा जाणार. आणि आई तिला सोडत नव्हती.

“त्यो आला आन् ही घरात नसली, तर म्या काय त्वांड दाखवू त्याला?”

एवढं म्हटलं की भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून व्हायचं. त्या दिवशी ते बॅटरीवरून चाललं होतं. आमच्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात.

सम्राटनं घरीच दोन बॅटऱ्या बनवल्या होत्या. प्लास्टिकच्या पाईपच्या तुकड्यात सेल, आणि तोंडाला मुंबईहून मागवलेले पांढरे एलईडी. निळसर, गार उजेड. तेव्हा आमच्या भागात तसला उजेड दुसऱ्या कुणाकडं नव्हता. एक बॅटरी तो तोडीला घेऊन गेला. दुसरी अश्विनीला नगरला न्यायची होती.

“काजवा बरा तिच्यापरीस,” आई तिला म्हणाली. “मामांची बल्बाची घिऊन जा. सम्राटची हितंच ऱ्हाऊ दे.”

“मला हीच न्यायचीय, आत्याबाई.”

“उजेड तरी हाय का तिला?”

मी म्हटलं, “थांबा. मोजूनच टाकू.”

मी पाथर्डीत रेडिओ आणि बॅटऱ्या दुरुस्त करते. कुणी शिकवलं नाही, उघडून बघत शिकले. उजेड मोजायची युक्ती रद्दीत आलेल्या शाळेच्या पुस्तकात सापडली होती.

पांढऱ्या कागदावर गोडेतेलाचा एक थेंब पाडायचा. कागद लांब फळीच्या मधोमध उभा करायचा. या टोकाला एक बॅटरी, त्या टोकाला दुसरी. उजेड फक्त आपल्या बाजूनं पडला, तर डाग काळपट दिसतो. पलीकडून जास्त पडला, तर डाग उजळतो. आणि दोन्हीकडून सारखा पडला, की डाग दिसेनासा होतो. मग जी बॅटरी कागदापासून लांब, ती जोरदार.

अडचण एकच. बल्ब पिवळा आणि एलईडी निळसर, त्यामुळं डाग पुरता जाईना. पिवळट मागं उरायचाच.

“एकाच जातीचे उजेड लागतात,” मी म्हटलं.

दारात बसलेले दादा म्हणाले, “उजेडाचीबी जात काढली का तू?”

अश्विनी हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

पुढंमागं सरकवून बघितलं. दादांची बल्बाची बॅटरी जिंकली, पण थोडक्यात. आईचा चेहरा खुलला. सेल वाचावेत म्हणून फळीच्या त्या टोकाला बसलेल्या अश्विनीनं बल्ब बंद केला.

आता नुसती सम्राटची बॅटरी चालू, माझ्या बाजूला. डाग काळपट दिसायला हवा होता...

डाग नव्हता.

पिवळट नाही, काळा नाही. कागद कोरा. जसा दुकानातून आणला तसा.

“अश्विनी, बल्ब चालू आहे का गं?”

तिनं बॅटरी उचलून दाखवली. बंद.

मी कागदाच्या पलीकडं वाकून बघितलं. फळी. काळोख. काळोखात अश्विनीच्या बांगड्या.

तेवढ्यात लक्षात आलं... मघापासून भुंकणारं गल्लीतलं कुत्रं गप्प झालंय. रातकिडेसुद्धा.

मग रस्त्याकडून घुंगरमाळ वाजली. बैलाच्या गळ्यातली. सावकाश, दमलेल्या बैलाची. दारापर्यंत आली...

आणि थांबली.

बैल तर सगळे तोडीला गेलेले.

दादा दारातच बसले होते. त्यांनी रस्त्याकडं बघितलं नाही. मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

इकडं कागदावर डाग परत आला. पण उजळ. निळसर. पलीकडून जोर वाढला होता.

मी माझ्या बाजूची बॅटरी कागदाच्या जवळ सरकवली. डाग गेला.

पुन्हा उजळला. मी अजून जवळ सरकवली. गेला.

पुन्हा उजळला...

माझी बॅटरी जवळ आणावी लागत होती, म्हणजे पलीकडचा उजेडही जवळ येत होता.

मला घाम फुटला हे खरं. पण त्याआधी राग आला. वर्षभर ही पोरगी ना सासरची ना माहेरची होऊन बसलेली. ती आज निघते, तर आजच?

मी मोठ्यानं म्हटलं, “कोण असेल त्यानं मापात यावं. मी उठणार नाही.”

आणि हात कागदाच्या पलीकडं घातला. आडवा धरला.

डाग काळा पडला.

हात काढला. डाग गेला.

माझी बॅटरी मी बंद केली. खोलीत मिट्ट काळोख. भिंतीवर काही नाही, छपराला काही नाही. फक्त कागदावर, तेलाच्या डागात, निळसर उजेड साचलेला. तसला उजेड देणाऱ्या दोनच बॅटऱ्या होत्या. एक माझ्या मुठीत, बंद.

आई उठून फळीशी आली.

“आला,” ती म्हणाली. आवाज एकदम गोड. “म्या म्हनत न्हवते? अश्वे, पिशवी सोड. आता कुठं जातीस?”

“ह्या घरात असलं काय नसतंय,” दादा म्हणाले. पण आत आले नाहीत.

अश्विनी जागची हलली नाही. उजेड तिच्या आणि कागदाच्या मधे कुठंतरी होता, अगदी हाताशी. ती त्याच्याकडं तोंड करून बोलली.

“आले असतील तर समोर बसावं. जेवावं. चार शब्द बोलावेत. नुसता उजेड दावून मला कोंडायचं न्हाई. मी उद्या जाणार हाय.”

इथं थोडं माझं सांगते. मी आजही भूत मानत नाही. कुणी वाद घालायला आलं तर घालते, आणि जिंकते. आता दुकानात सगळ्याच बॅटऱ्या पांढऱ्या उजेडाच्या. गिऱ्हाईक विचारतं, ‘ताई, यातली जोरदार कुठली?’ मी दोन्ही भिंतीवर मारते आणि डोळ्यांनी सांगते. तेलाच्या कागदावर परत कधी मोजलं नाही. भजी गुंडाळलेल्या कागदावर डाग दिसला, तरी तो दिव्यासमोर जायच्या आत मी चुरगाळते.

तर, आई.

“बगू दे मला माझ्या लेकाचा उजेड,” म्हणत तिनं कागदाच्या पलीकडं हात नेला. दोन्ही तळवे, ओंजळ करून. डाग झाकला गेला. काहीच दिसेना.



मग फळीवर टपटप आवाज आला.

मी बॅटरी लावली. आईचे हात कोपरापर्यंत भिजलेले होते. बोटांतून पाणी गळत होतं. गढूळ, थंड. त्याला कालव्यातल्या गाळाचा वास होता. आमच्या गावाला कालवा नाही.

आईनं हात पदराला पुसले नाहीत. आधी त्यांच्याकडं बघितलं. मग अश्विनीकडं. मग काळोखाकडं, आणि ज्या आवाजात ती आम्हाला लहानपणी उठवायची, त्याच आवाजात म्हणाली,

“सम्राट, तू मेलास, बाळा. कालव्यात मेलास. हिला आता कुनी अडवायचं न्हाई... तू बी न्हाई, म्या बी न्हाई.”