तार पाण्यात आहे

पहिल्याच भेटीत रेमी मेलोशचा गळ लूसी ग्राबोव्स्कीच्या तारेत अडकला.

सकाळचं धुकं डेट्रॉइट नदीवर रेंगाळत होतं. एप्रिल उजाडला तरी पाण्यात हात घातला की बोटं बधिर व्हायची. लूसी घरची छोटी बोट प्रवाहाच्या उलट चालवत होती… डावा हात तारेवर, उजवा इंजिनच्या दांड्यावर. तारेच्या टोकाचं शिसं तळाच्या दगडांवर टक् टक् टेकवायचं, मागे सोडलेले आमिषाचे लाकडी मासे नाचवायचे आणि हळूहळू वर सरकायचं. तारवाले असेच वॉलआय मासे पकडतात. काठीवाले इंजिन बंद करून, गळाची काठी हातात धरून प्रवाहाबरोबर खाली वाहत येतात. एक वर जाणार, एक खाली येणार. या दोन जमातींचं नदीत कधी पटलेलं नाही.

"अहो, थांबा जरा. माझा गळ अडकलाय तुमच्यात."

"तारवाले थांबत नाहीत," लूसी म्हणाली. तिने दांडा गुडघ्याने दाबला, चाकू काढला आणि त्याचा दोरा कापून टाकला.

"नशीबवान गळ होता तो माझा."

"नशीबवान असता तर अडकला नसता."

तोवर बोटी एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या. पण थोड्या वेळाने तो इंजिन लावून वर गेला आणि पुन्हा वाहत खाली आला, नेमका तिच्याच वाटेने. नदी एवढी रुंद, पण याला तिथेच जागा दिसली.

मग रोजचंच झालं. ती वर जाताना, तो खाली येताना, दोन वाक्यं तिची, दोन त्याची. उत्तर सुचेपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा, म्हणून पुढच्या फेरीपर्यंत दोघंही ते मनात घोळवत बसायचे. रेमी पलीकडच्या काठावरचा, कॅनडातला. तिथे बोटी दुरुस्त करायचा. वॉलआयला तो पिकरेल म्हणायचा, त्याचाच लूसीला भारी राग.

"त्याचं नाव वॉलआय आहे," तिने एकदा ठणकावलं.

"नदी ओलांडली की तो नाव बदलतो." बोट जवळ आली… "मुलीही बदलतात म्हणे."

"आमच्यातल्या नाही बदलत," ती म्हणाली. तो दिसेनासा झाल्यावर मात्र स्वतःशीच हसली, आणि हसण्याच्या नादात एक चांगला मासा हातचा घालवला.

प्रेम असं चोरपावलांनी येतं. 'अहो'चं 'अरे' कधी झालं हे दोघांनाही कळलं नाही. एका सकाळी तो आला नाही तेव्हा लूसीला नदी रिकामी वाटली. दुसऱ्या दिवशी तिने त्याला तसं सांगितलं नाही. फक्त विचारलं, काल झोप लागली होती का. त्यानेही सांगितलं नाही की काल ताप होता आणि तापातही तो खिडकीशी बसून तिची बोट शोधत होता. पुढे सांगितलं, पण तो पुढचा भाग.

लूसीची खरी लढाई घरात चालली होती. तिच्या वडिलांना सगळे ताता म्हणत. तातांचा खांदा निकामी झाला होता, आणि बोटीवरची तार गुंडाळायची चक्री, जिची स्प्रिंग आजोबांनी जुन्या ग्रामोफोनमधून काढून बसवली होती, आता कोणाकडे जाणार हा प्रश्न होता. तातांच्या लेखी प्रश्नच नव्हता. चक्री पुतण्याला, लिओनार्डला. ईस्टरच्या आदल्या दिवशी येऊन तो घेऊन जाणार होता. लिओनार्ड वर्षातून दोनदा नदीवर यायचा, तेही फोटो काढायला. चक्री तो तळघरातल्या भिंतीवर लावणार होता, वर दिवा वगैरे लावून.

लूसीने भांडून पाहिलं. ताता म्हणाले, एक तर तू मुलगी, त्यात डावखुरी. शिवाय तारेच्या बोटीत दोन माणसं लागतात, आणि दुसरा माणूस घरातला हवा. घरातलं कोणी तिच्याबरोबर बसायला तयार नव्हतं. मग ती एकटीच गेली. हिवाळ्यातच तिने चक्री उजव्या कडेवरून काढून डाव्या कडेला बसवली होती. तातांच्या लाडक्या बोटीला नवी भोकं पाडली होती. ताता तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, आणि त्यांनी बोलावं म्हणून तिने वाटही पाहिली नाही.

तो शनिवार उजाडला. लिओनार्ड स्क्रूड्रायव्हर घेऊन धक्क्यावर आला तेव्हा बोट तिथे नव्हती. लूसी समोरच्याच पाण्यात होती, हाक मारली तर ऐकू येईल इतकी जवळ, आणि तार तळाला टेकलेली.

"लूसी, बाहेर ये," ताता ओरडले.

"तार पाण्यात आहे, ताता."

नियम तातांचाच होता. पोप येऊन धक्क्यावर उभे राहिले तरी तार पाण्यात असताना थांबायचं नाही. थांबलं की शिसं दगडांत रुततं, तारेला पीळ पडतो, आणि पीळ पडलेली तार मेलेली तार. लूसी हाच नियम ऐकत मोठी झाली होती. आता बापाचंच शस्त्र बापावर. ती वर जायची. इंजिन जरा मंद केलं की प्रवाह बोटीला तसंच मागे आणायचा, मग पुन्हा वर. दुपारी चर्चमध्ये ईस्टरच्या परड्यांना आशीर्वाद मिळायचा होता. लिओनार्डच्या हातात परडी होती. अंडी, हॅम आणि लोण्याचं कोकरू. कोकरू उन्हात हळूहळू वितळून बसत चाललं होतं.

रेमी वाहत आला. काय चाललंय ते तिने एका दमात सांगितलं.

"माझ्या बोटीवर लाव चक्री," तो म्हणाला.

"एका पुरुषाच्या बोटीतून दुसऱ्याच्या बोटीत जाण्यासाठी नाही भांडत मी."

तो खाली गेला, वर आला. पुढच्या वेळी म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण तुझं इंजिन खोकतंय."

खोकतच होतं. गडबडीत तिने टाकी भरली नव्हती. पेट्रोल संपलं की बोट वाहू लागणार, तार ओढून घ्यावी लागणार, आणि धक्क्यावर स्क्रूड्रायव्हर वाट पाहतोच आहे. डबा उचलायला तिसरा हात आणायचा कुठून? तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तारेवरचा हात थांबला नाही.

तेवढ्यात शेजारी इंजिनचा आवाज आला. रेमीने काठ्या गुंडाळून ठेवल्या होत्या. एरवी भरकन वर जाणारा तो आयुष्यात पहिल्यांदा प्रवाहाच्या उलट तिच्याच संथ चालीने येत होता, पायाशी पेट्रोलचा डबा.

"येऊ?" त्याने विचारलं. "तू म्हणालीस तरच."

"ये. पण तारेला हात लावायचा नाही."

आपल्या बोटीची दोरी तिच्या बोटीला बांधून तो अलगद इकडे आला. दांडा धरला, टाकीत पेट्रोल ओतलं, निम्मं बाहीवर सांडलं. इंजिनचा खोकला थांबला.

धक्क्यावर ताता पुढे सरसावले. "कोण आहे तो?"

"दुसरा माणूस."

"दुसरा माणूस घरातला हवा, असं म्हणालो होतो मी."

लूसीने रेमीकडे पाहिलं. भिजलेली बाही, लाल झालेले कान, दोन्ही हातांनी धरलेला दांडा. आजवर हा माणूस तिला दोन-दोन वाक्यांतच मिळाला होता. आता तो समोरून कुठे वाहत जाणार नव्हता. हळू आवाजात सांगण्यासारखं तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

"घरातलाच आहे, ताता. माझं प्रेम आहे त्याच्यावर."

आजूबाजूच्या बोटींतल्या काठ्या एकदम थांबल्या.

"हे… मला आधी कळायला नको होतं?" रेमी पुटपुटला.

"आता कळलं ना. दांडा सरळ धर."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तुझ्या बोटीची दोरी सोडते. जा वाहत."

त्याने मागे खालच्या पाण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पहिल्या दिवसापासून तुझ्याचसाठी वर जातोय गं मी. मासे हे नुसतं निमित्त."

लूसीला हसू फुटलं आणि रडूही. दोन्ही तिने तसंच वाहू दिलं.

धक्क्यावर ताता स्वतःशीच बडबडत होते, आधीच कॅनडाचा, त्यात काठीवाला. चर्चची घंटा झाली. लिओनार्डने घड्याळ पाहिलं आणि विचारलं, काका, बोलावू का तिला काठाला?

ताता बराच वेळ तिचा डावा हात पाहत राहिले. पुढे, मागे, टक्… पुढे, मागे, टक्. मग त्यांनी लिओनार्डच्या हातातली परडी घेतली.

"तो स्क्रूड्रायव्हर खिशात घाल," ते म्हणाले. "दिसत नाही का, तार पाण्यात आहे."