माल उघडतो तिथे

वाघेरी बंदराच्या प्रयोगशाळेत भिंतभर नकाशा उजळला आणि बंदरप्रमुख यशोधर तांडेल यांचं तोंड कडू झालं. डोंगरापलीकडचं शिरगोळ लखलखत होतं. वाघेरी काळीठिक्कर.

शिरगोळची बंदरप्रमुख कुंदा सारंग ही त्यांची कॉलेजातली वर्गमैत्रीण, तेव्हाही कायम दोन गुणांनी पुढे. ते दोन गुण यशोधर अजून विसरले नव्हते. तीन वर्षांत त्यांनी तिच्याकडे येणारी चाळीस जहाजं आपल्या बंदराकडे पळवली होती. तेवढे कंटेनर ठेवायला कारखान्यांसाठी राखलेली जमीनही देऊन टाकली. जहाजं आली की घरटी काम मिळेल, असा शब्द त्यांनी वाघेरीकरांना दिला होता. आज सरकारी बंदर आयोग मोठ्या जहाजांसाठीचा खोल जलमार्ग एकाच बंदराला देणार होता. ज्या बंदराच्या मालानं नकाशावर जास्त दिवे लागतील, त्याला.

"कुंदानं लबाडी केलीय," ते म्हणाले.

"नाही हो, साहेब." नकाशा बनवणाऱ्या डॉ. नाझनीन मुकादम शांतपणे म्हणाल्या. "प्रत्येक कंटेनरला आपली साक्षीमोहर असते. ती तुटली की तिथे दिवा लागतो. माल उघडतो तिथे माणसं लागतात, जोडायला, शिवायला, डबे भरायला. नुसता उतरतो तिथे क्रेन लागते. आणि आपल्या क्रेन आपोआप चालतात."

"मग आपला माल उघडतो कुठे?"

मुकादमबाईंनी मालाच्या वाटा नकाशावर उमटवल्या. वाघेरीहून निघालेली प्रत्येक वाट मोहर न तुटता शिरगोळच्या कारखान्यांत शिरत होती. पळवलेल्या चाळीसही जहाजांची.

जहाजं जाताना कुंदानं कधीच तक्रार का केली नाही, ते यशोधरना आता कळलं. त्यांचा नुसता जळफळाट झाला.

तेवढ्यात आयोगाचा निर्णय आला. शिरगोळचे सगळे दिवे वाघेरीच्या मालाचे, म्हणून जलमार्ग वाघेरीला. पाठोपाठ पडद्यावर कुंदा आली.

"अभिनंदन, यशोधर. आम्ही आमचा धक्का बंद करतोय, तिथे आणखी कारखाने होतील. ते जहाजांचं झेंगट तू अंगावर घेतलंस, बरं झालं."

"जिंकलीस तू."

"मी कुठली? निर्णय नीट वाच की."

बाहेर एकेचाळिसावं जहाज आत येण्याची परवानगी मागत होतं. नाही म्हणावं असं त्यांच्या फार मनात होतं. पण मग वाघेरीत क्रेनसुद्धा हलली नसती. त्यांनी परवानगी दिली.

क्रेननं नेहमीचा प्रश्न विचारला, माल कुठे पाठवायचा?

यशोधरनी ते नाव स्वतःच्या तोंडानं सांगितलं.