मिठाचा ससाणा

सनूसी बाजारात गेला होता तो फक्त एक होल्डर आणि एक पिवळा बल्ब आणायला. बल्ब लहान हवा होता. फार तापणारा चालत नाही, मीठ तापलं की तडकतं. दुकानदार जिब्रीलने तीन-चार बल्ब लावून दाखवले, त्याच्यापुढे पुदिन्याचा चहा ठेवला आणि सहज विचारलं,

"उद्या वहिनीचं कुंडावरचं स्नान ना? आमच्या घरात बायका हसतायत. सकाळी म्हणे दारं लावून बसायचं, तिची नजर पडू नये म्हणून. अरे, ही आमच्या आज्यांच्या वेळची रीत! तू कुठून उकरून काढलीस?"

"रीत ती रीत," सनूसी म्हणाला. "आणि स्नान उद्या नाही. माझं ड्रिलचं पातं मोडलं. तिची नजर अजून उतरलेली नाही."

"बाई कुलपात, पातं तुझ्या हातात. नजर काय भिंतीतून येते?"

सनूसीने चहा अर्धा टाकला आणि उठला.

नवरा मेलेल्या बाईला इजिप्तच्या वाळवंटातल्या या सीवामध्ये पूर्वी घूला म्हणत. घूला म्हणजे नवरा गिळलेली. इद्दतीचे, म्हणजे विधवेच्या सुतकाचे, दिवस भरेपर्यंत तिने पांढऱ्या कापडात, बिनातेलाच्या केसांनी, मागच्या खोलीत बसायचं. तिची नजर ज्याच्यावर पडेल त्याचं वाटोळं होणार, असं मानत. शेवटी कुंडावर स्नान केलं की नजर उतरली आणि ती मोकळी. ही रीत केव्हाच मोडीत निघाली होती. ती पुन्हा उभी केली सनूसीने. थोरला भाऊ ओमरान मिठाच्या खड्ड्यात बुडून मेला, त्याच संध्याकाळी. हो ला हो करायला म्हातारी तमीमा आत्या होतीच. ओमरानच्या बायकोला, मबरूकाला, मागच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली.

पुढे सनूसीच्या कामात काहीही बिघडलं की शिक्षा तिला. ग्राइंडरची चकती फुटली, तिचा दिवा काढून घेतला. होल्डर जळाला, तिची खिडकी लिंपून टाकली. सीवाची जुनी घरं तळ्याच्या खारट चिखलाची. तो चिखल वाळला की दगडाला हार जात नाही. आता तिच्या खोलीला राहिली होती दाराखालची फट, ताट सरकवण्यापुरती, आणि सनूसीच्या वर्कशॉपकडच्या भिंतीतलं मुठीएवढं एक भोक.

खरी गोष्ट वेगळीच होती. प्रेत घरी आणलं तेव्हा मबरूकाने सगळ्यांच्या देखत सनूसीला एकच विचारलं होतं, "शेवटी काय बोलले ते?" हा प्रश्न तिने पुन्हा चारचौघांत विचारू नये, एवढ्यासाठी ती आत होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

झालं होतं ते असं. तळ्याकाठच्या खड्ड्यात दोघं भाऊ मीठ काढत होते. ओमरान खाली उतरलेला. त्याला एक खडा सापडला, कलिंगडाएवढा आणि पाण्यासारखा आरपार. असा खडा एखाद्याला जन्मात एकदा मिळतो. तेवढ्यात कड ढासळली आणि मिठाची लादी ओमरानच्या पायांवर बसली. त्या पाण्यात एरवी कुणी बुडू म्हटलं तरी बुडत नाही. पण पाय अडकले होते आणि पाणी चढत होतं. ओमरानने खडा डोक्यावर धरला होता. "हा घे," तो म्हणाला, "आणि हात दे."

सनूसीने खडा घेतला. कैरोच्या हॉटेलवाल्यांनी दर्शनी खोलीसाठी मिठाचा दिवा मागितला होता, तो याच खड्यातून होणार हे त्याला तिथेच दिसलं. "थांब," तो म्हणाला, "आधी दगड नीट ठेवतो, मग हात देतो." त्याने खडा गाढवगाडीत पोत्यांवर ठेवला. दोरी बांधली. उगीचच दुसरी गाठ मारली. मग गाढवाच्या मानेवर हात ठेवून नुसता उभा राहिला. परत आला तेव्हा पाणी सपाट होतं. हे दोघांनाच ठाऊक होतं, आणि दोघांतला एक मेला होता.

बल्ब घेऊन सनूसी वर्कशॉपमध्ये आला. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही. टेबलावर ससाणा बसला होता. करवतीने कापून, ग्राइंडरने गोलाई देऊन, कानशीने एकेक पीस काढून त्याने तो त्याच खड्यातून घडवला होता. फडक्याने पुसला की पंखांच्या कडा काचेसारख्या चमकत. सनूसी माणूस हलकट, पण त्याच्या हातात कला होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. आता फक्त खालून पोटात भोक पाडायचं आणि बल्ब बसवायचा.

ससाण्याच्या छातीत एक बुडबुडा होता. खड्यात कधीकाळी पाणी कोंडलं जातं आणि त्यात हवेचा थेंब राहतो, तसा. तो नेहमी वर तरंगतो. हा मात्र तरंगत नसे. ससाणा कसाही ठेवा, आडवा, उलटा, हा भिंतीकडच्या बाजूला जाऊन टेकलेला असे. मबरूकाच्या भिंतीकडे. सनूसीने त्याच्याकडे बघणं सोडून दिलं होतं.

"भावजी..." भोकातून आवाज आला.

तो फडक्याने पंख पुसत राहिला.

"स्नान उद्याच ना? आत्याबाई म्हणाल्या, दिवस भरले."

"आत्याला काय कळतंय? पातं मोडलं. बस अजून."

ती म्हणाली, "निदान तो पेटेल तेव्हा एकदा दाखवा. लांबून. त्यांनी शेवटचं हातात धरलेलं तेवढंच आहे."

"तू बघशील आणि तो तडकेल. एक गिळलास ना? पोट नाही भरलं?"

"सख्खा भाऊ होता तुमचा. त्याच्या मिठाला तरी जागा, भावजी."

"त्याचंच मीठ कोरतोय," सनूसी म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसला.

पलीकडे नखाने भिंत खरवडल्यासारखं झालं. मग आवाज अगदी खाली आला. "भावजी... तो माझ्याकडे बघतोय का?"

"कोण?"

"आतला..."

बुडबुड्याबद्दल सनूसीने कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याला राग आला. बादलीत खिडकीच्या कामाचा चिखल उरला होता. त्याने ओंजळ भरून घेतली आणि भोकावर थापली. बोटाएवढी फट राहिली, तिच्यातून ती म्हणाली, "भावजी, हवा..." त्याने अंगठ्याने तीही बुजवली. सुंठीवाचून खोकला गेला!

हात कोरडे पुसून त्याने ड्रिलला एक जुनं पातं बसवलं, ससाणा उताणा धरला आणि ड्रिल लावलं. मीठ कोरडंच कापायचं, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. पांढरी भुकटी उडत होती, ओठांवर बसत होती. तो थांबे, ब्रशने भोक साफ करी, पुन्हा ड्रिल लावी. एकदा थांबला, तर खरवडणं चालूच होतं. भिंतीत नव्हतं ते. हातातल्या दगडात होतं.

त्याने वाकून बघितलं. बुडबुडा भिंतीकडे नव्हता. तो सरकून भोकाच्या तोंडाशी आला होता. मोठा होत होता, लहान होत होता... सावकाश, छातीच्या भात्यासारखा.

आणि भोकातून पाणी आलं. कोमट, जड, तळ्याच्या वासाचं. आधी बोटांवर, मग मनगटावर. एवढ्याशा खड्यात असून असून किती पाणी असणार? पण ते थांबेना. पाण्याने मीठ विरघळतं, ससाणा वाया जाणार! दार चार पावलांवर उघडं होतं. सनूसी पळाला असता तर कदाचित वाचला असता. पण त्याने आधी दगड सांभाळला. तर्जनी भोकात खुपसून त्याने पाणी अडवलं.

पाणी थांबलं. आतून थंडगार श्वास बोटावर आला आणि बोट आतून कुणीतरी घट्ट धरलं.

"ठेवलास ना नीट?" आवाज ओमरानचा होता, दमलेला, तक्रार नसलेला. "आता हात दे..."

संध्याकाळी तमीमा आत्या दिवा लावायला आली तेव्हा सनूसी टेबलाखाली पडलेला होता. फरशी ठणठणीत कोरडी, टेबलावरची मिठाची भुकटी जशीच्या तशी. त्याला कुशीवर वळवलं तर तोंडातून खारं पाणी वाहायला लागलं. मिशांवर मिठाचे कण धरले होते. ससाण्याला कुठे तडासुद्धा गेला नव्हता. खालचं भोक बुडबुड्याच्या अलीकडे बोटभर अंतरावरच थांबलेलं होतं.

काल हसणाऱ्या बायकांनी आज दारं लावली. मागच्या खोलीची कडी बाहेरून तशीच होती, हे सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. तरी दोन भाऊ गिळले, असंच सगळे म्हणाले. जिब्रीलही म्हणाला. बाई बाहेर पडणार नाही, असं ठरलं. केव्हापर्यंत, ते कुणी बोललं नाही. हॉटेलवाल्यांनी ससाणा नेला नाही. तो घरात ठेवायची कुणाची छाती होईना, म्हणून आत्याने दार जरासं किलकिलं केलं आणि तोंड फिरवून तो मबरूकाच्या खोलीत सरकवला. मागोमाग होल्डर, बल्ब आणि वायर. भिंतीतलं भोकही तिने उलथन्याने मोकळं करून दिलं. म्हातारीला तेवढी दया होती.

आता रोज संध्याकाळी त्या भोकातून पिवळा उजेड दिसतो. आत्या एकदा धीर करून डोकावली. ससाण्याच्या छातीत बुडबुडे दोन होते. एक मबरूकाच्या बाजूला शांत टेकलेला. दुसरा मात्र कडेकडेने फिरत होता, वर जात होता, धडकत होता, खाली येत होता. मबरूका फडक्याने ससाण्याचे पंख पुसत होती, सावकाश, एकेक पीस. तिचा आवाज लहान मुलाला समजवावं तसा मऊ होता.

"थांब," ती म्हणत होती. "आधी दगड नीट ठेवते, मग हात देते."