वाऱ्याकडे कड करून

दौंडच्या स्टँडवर वारा असा सुटला होता, की करुणाच्या हातातलं एक्स-रेचं मोठं पाकीट तिलाच ओढत निघालं होतं.

"वाऱ्यासमोर धरू नका. कडेनं धरा," मागून कुणीतरी म्हणालं.

तिनं पाकीट फिरवलं. ओढ गेली.

"मास्तर हाय का तुम्ही?"

"न्हाई. बंगळूरला उपग्रह सांभाळतो."

"गुरं सांभाळल्यागत सांगताय की."

तो हसला... आणि मांडवगणच्या बसमध्ये तिच्याच शेजारी येऊन बसला. वडगाव रासाईच्या पोपटराव बागायतदारांचा हा इंद्रजीत. त्याच्या उपग्रहाचं इंधन संपलं होतं. वरची हवा अगदी विरळ, पण तीही त्याचे सौरपट्ट्यांचे रुंद पंख धरून त्याला रोज थोडं खाली ओढायची. म्हणून उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला, की इंद्रजीत त्याला आत गरगरणाऱ्या चाकांच्या जोरावर कडेनं फिरवायचा. उन्हात आला, की पंख पुन्हा सूर्यासमोर.

"मग कायमच कडेनं ठेवा की."

"टिकंल जास्त. पण उपाशी... ऊन न्हाई तर बॅटरी न्हाई."

वर्षभरात तो चारदा आला. तीच बस, तोच शेजार. त्याच्या तोंडी 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे तिला कळलंही नाही.

इकडे दगडखाणीत फुप्फुसं गमावलेल्या तिच्या वडलांना, मच्छिंद्रआबांना, डोळे मिटायच्या आत लेकीचं लग्न बघायचं होतं. करुणानं त्यांना इंद्रजीतचं नाव सांगितलं. आबा बराच वेळ खोकले. "बागायतदाराचं पोर आपल्या विहारात उभं राहील?... येऊ दे. मी हाय तवर येऊ दे."

पाचव्या खेपेला स्टँडवर तिनं विचारलं, "घरी सांगितलं?"

"वडलांची सोसायटीची इलेक्शन हाय. तेवढी होऊ दे—"

"रविवारी कारेगावचे येणारेत, मला बघायला."

तो रुमालाच्या घड्या घालत राहिला. "थोडं धर, करुणा. मी तुला सोडणार न्हाई."

"ठाऊक हाय. कुणाचा वारा लागू देणार न्हाई तुम्ही. असं लई वर्षं टिकंल बी... पण मी उपाशी ऱ्हाते. जीव हाय माझा तुमच्यावर. आज आबांसमोर चलता?"

बस लागली. त्यानं खिडक्यांकडं पाहिलं. "आज आत गावची माणसं हायत. तू हो पुढं... मी मागच्या गाडीनं येतो."

ती चढून नेहमीच्या बाकावर खिडकीशी बसली. पाटी सावरत गावातली बानूबाई मागोमाग आली. "कुणी बसायचंय का गं हितं?"

करुणानं खिडकीतून खाली पाहिलं. तो उभाच होता.

"न्हाई, मावशी," ती म्हणाली. "बसा."